तिसरी तोटी

बिअरच्या नळावर लेख, आणि तोही कुटुंबाच्या पानावर! काही वाचकांच्या कपाळाला आठी पडणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो. मी पंचेचाळिशीला आलेला कॉलेजातला मास्तर. चहा सोडला तर दुसरं व्यसन नाही. दारूचा थेंब कधी ओठाला लागलेला नाही आणि या लेखानंतरही लागणार नाही. तरीसुद्धा २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत पाच आठवडे मी अमेरिकेत धाकट्या भावाकडे राहिलो, आणि येताना शिकून काय आलो, तर बिअर ओतायच्या तोट्या कशा निवडाव्यात आणि त्यांचा समतोल कसा साधावा! बायको म्हणते, "लोक नायगारा बघून येतात, तुम्ही नळ बघून आलात." खोटं नाही.

पण या नळाला आमच्या घरातला एक जुना धागा आहे. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आण्णांचे, म्हणजे आमच्या वडिलांचे, थोरले भाऊ खानापूर तालुक्यातली शेती बघायचे. फार गोड माणूस. भजनाला मृदंगावर बसले की उठायचं नाव नाही. पण संध्याकाळी हातभट्टीची वाट धरायचे. मी चौथीत असताना काका गेले, तोवर चार एकरांतलं तीन एकर भाताचं रान सावकाराच्या नावावर गेलं होतं. दिवसकार्य आटोपल्यावर आण्णांनी आम्हा दोघा भावांना देवघरापुढे उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली, "या घरात बाटली येणार नाही." मी नऊ वर्षांचा, धाकटा पाचचा. त्याला शपथ म्हणजे काय तेही कळत नव्हतं. प्रसाद मिळणार म्हणून त्यानं हात पुढे केला होता.

धाकटा इंजिनिअर होऊन २००९ मध्ये अमेरिकेला गेला. पुढच्याच वर्षी हुबळीची मुलगी करून घेतली. आमच्या घरात कन्नड नवी नव्हती, आजीचं माहेर बैलहोंगलचं, त्यामुळे आण्णा सुनेशी झकास कन्नडमधून गप्पा मारायचे. सगळं छान चाललं होतं. २०१८ मध्ये धाकट्याचा एक फोटो आण्णांच्या पाहण्यात आला. हातात फेसाळलेला उंच पेला, मागे मित्रमंडळी, तोंडभर हसू. आण्णा काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते धाकट्याशी बोललेच नाहीत. फोन आला की आईच्या हातात द्यायचे. मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत आण्णा गेले. तेव्हा येणं आणि परत जाणं दोन्ही अडलं होतं. धाकट्यानं अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिला.

तीन वर्षांनी मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा माझ्या मनात हे सगळं होतं.

तो राहतो मिलवॉकीला. शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठावरचं हे शहर. एकोणिसाव्या शतकात जर्मन लोक इथे लोंढ्यानं आले आणि बिअरचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. मिलर, पॅब्स्ट, श्लिट्झ, ब्लॅट्झ ही सगळी इथलीच नावं. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात पॅब्स्टवाल्यांनी चीज करून दिवस काढले. इथल्या बेसबॉल संघाचं नावही 'ब्रुअर्स', म्हणजे बिअर करणारे. एके काळी इथे जर्मन दैनिकं निघायची, शाळेत जर्मन शिकवायचे. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, अगदी आपल्या बेळगावसारखं. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणं लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागलं आणि भाषा मागे हटत गेली. भावजय म्हणाली, "भाषा गेली भावजी, नळ तेवढा राहिला." मी हसलो खरा, पण ते वाक्य मनात राहिलं.

घराच्या तळघरात एक जुना फ्रीज होता. त्याच्या दाराला बाहेरून तीन तोट्या बसवलेल्या. दार उघडून पाहिलं तर आत तीन उंच स्टीलची पिंपं, गॅसचा नळकांडा, त्यावर दोन काट्यांचा रेग्युलेटर आणि आतड्यांसारख्या गुंडाळलेल्या पारदर्शक नळ्या. माझ्या पोटात गोळा आला. एका पिंपात पाच गॅलन, म्हणजे जवळजवळ १९ लिटर. मी मनातल्या मनात हिशोब केला : ५३ पेले. तिथल्या कायद्यानं दोन प्रौढ माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर स्वतःपुरती करता येते. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं ही मुभा मिळाली. विकायची मात्र नाही. २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर! मी गप्प उभा राहिलेला पाहून धाकटा म्हणाला, "दादा, शपथ बाटलीची होती. बघ, घरात बाटली एकही नाही." त्याला वाटलं मी हसेन. मी वर निघून गेलो.

त्या रात्रीपासून मी एक कमीपणाची गोष्ट सुरू केली. माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर त्याचे पेले मोजायला लागलो.

तिसऱ्या आठवड्यात पुतण्याचा बारावा वाढदिवस आला. मराठी आणि कन्नड मिळून वीस-पंचवीस माणसं जेवायला. भावजयीनं आधीपासून लकडा लावला होता, "तुमच्या दोन तोट्या तुमच्या. तिसऱ्या तोटीला सोडा पाहिजे, मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी." मी बेळगावहून कोकमचं आगळ नेलं होतं. कोकम सोडा करायचा बेत ठरला. धाकट्यानं घाईघाईत तिसरं पिंप पाण्यानं भरलं, त्याला वेगळा रेग्युलेटर लावला, अडगळीतली जुनी तोटी आणि उरलेली सहा फूट नळी जोडली. पाहुणे जमले. मुलांनी पेले पुढे केले. तोटी उघडली आणि पाण्याचा असा फवारा उडाला की पहिल्या पोराचा सदरा भिजला, पेल्यात निव्वळ बुडबुडे! "बरी नोरे!" पुतण्या ओरडला. म्हणजे नुसता फेस. सगळे हसले.

मी शहाणपणा केला. "अरे, दाब कमी कर की." धाकटा म्हणाला, "तसं होत नाही दादा." पण मोठा भाऊ, त्यात पाहुण्यांसमोर. त्यानं पिंपातला गॅस थोडा सोडला, रेग्युलेटर खाली आणला. दोन पेले बरे निघाले. मग नळीतच बुडबुड्यांच्या गाठी दिसायला लागल्या, तोटी खोकायला लागली, आणि तासाभरात सोड्यातला जोर निघून साधं पाणी उरलं. कोकम आगळात साधं पाणी घालून मुलांनी ते प्यायलं. बिचारी चांगली मुलं.

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघं भाऊ तळघरात उतरलो. रात्री अकराचा सुमार. त्या रात्री मला या नळाचं शास्त्र कळलं, ते थोडक्यात सांगतो.

वायू पाण्यात विरघळतो तो दाबामुळे. दाब जितका जास्त, तितका वायू जास्त मुरतो, हा नियम विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञानं १८०३ मध्ये मांडला. आणि पाणी जितकं थंड, तितका तो जास्त टिकतो. बिअर तीन-साडेतीन अंश सेल्सिअसला ठेवली तर तिला साधारण १२ पौंड दाब पुरतो. (पौंड म्हणजे आपला पंक्चरवाला चाकात हवा भरताना म्हणतो तोच.) सोड्याला मात्र जिभेला झिणझिण्या यायला हव्यात, म्हणून ३० पौंडांच्या आसपास. आता आत ३० पौंड आणि बाहेर मोकळी हवा. मधल्या वाटेत हा दाब कुठेतरी संपला पाहिजे. सहा फूट नळीत तो संपत नाही. उरलेला सगळा तोटीपाशी एकदम सुटतो आणि विरघळलेला वायू खळबळून बाहेर येतो. तोच फेस.

यावर दाब कमी करणं हा उपाय नव्हे. दाब उतरवला की पाण्यात मुरलेल्या वायूला धरून ठेवणारं कुणी उरत नाही, तो नळीतच सुटायला लागतो. फेस वाढतो आणि शेवटी पेय मरतं. उपाय असा की दाब आहे तसा ठेवायचा आणि नळी लांब घ्यायची. जेमतेम पाच मिलिमीटर पोकळीच्या अरुंद नळीतून जाताना घर्षणानं दाब थोडा थोडा वाटेतच खर्च होतो. तोटी पिंपापेक्षा उंच असेल तर फुटामागे आणखी अर्धा पौंड. पुस्तकातल्या आकड्यांनी बिअरला पाच फूट नळी पुरावी, पण घरी करणारे अनुभवी लोक दहा फूट घेतात. सोड्याला पंचवीस-तीस फूट. मी म्हटलं, "म्हणजे चोर्ला घाट. कड्यावरून सरळ उडी मारायची नाही, वळणं घेत उतरायचं." धाकटा म्हणाला, "बरोबर. तू शिकवायला पाहिजे होतास मला फिजिक्स."

आणखी दोन गोष्टी त्यानं दाखवल्या. पहिला पेला नेहमी फेसाळतो, कारण तोटी दाराबाहेर असते, तिचं धातू गरम. त्यासाठी त्यानं फ्रीजमध्ये छोटा पंखा बसवला होता, वरपर्यंत गारवा पोचावा म्हणून. दुसरं म्हणजे तोटी उघडायची तर पुरती. भीतभीत अर्धी उघडली की पाणी चिंचोळ्या फटीतून घुसमटत येतं आणि फेसच होतो.

हे सांगता सांगता त्यानं फ्रीजवरची एक जाड वही काढली. कुठल्या पिंपात किती फूट नळी आहे ते पाहायला. मी पानं उलटली. डावीकडे तापमान, दाब, तारखा. उजवीकडे एका रकान्यात उभ्या रेघा. मी विचारलं, "ह्या कसल्या?" तो म्हणाला, "मी घेतलेले पेले."

मी वही हातात घेतली. आठवड्याला चार रेघा, फार तर. मग २०२० चा डिसेंबर आला. तिथे रेघा दाट होत्या, एकमेकींना खेटून. त्यानंतर जानेवारीच्या पानावर एक वाक्य लिहिलेलं, चारच्या वर गेल्यास तोटी काढून ठेवणे. मे २०२१ चं पान कोरं. त्यापुढची सहा महिन्यांची पानंही कोरी.

"मलाही काकांची भीती वाटते, दादा," तो म्हणाला. "तुम्हाला सगळ्यांना वाटतं ती फक्त तुम्हालाच आहे."

मी उठून वर गेलो आणि माझी डायरी घेऊन आलो. शेवटचं पान त्याच्यापुढे धरलं. माझ्या हिशोबानं तीन आठवड्यांत नऊ पेले. त्याच्या वहीत दहा. मी झोपलो असताना एकदा त्यानं घेतला होता, आणि कुणी पाहिलं नसतानाही रेघ ओढली होती.

मग मला राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी बोलून टाकलं. तो फोटो आण्णांच्या पाहण्यात 'आला' असं मी वर लिहिलं आहे. तो आला नव्हता. मी दाखवला होता. माझ्या मोबाइलवर, मोठा करून. हेतू चांगला होता असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण खरं विचाराल तर त्यात थोडा मत्सरही होता. मी इथे आईवडिलांचं औषधपाणी बघत होतो, आणि तो तिथे हसत होता.

धाकटा काही बोलला नाही. पाना उचलला आणि जुनी तोटी खोलायला लागला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "हे धर जरा." मी धरलं. तोटीच्या आतून हिरवट पाणी माझ्या हातावर आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं, पुतण्या धरून, बिअरचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. भांड्याच्या दुकानात बायका जशा तासन् तास पातेली उलटीपालटी करतात, तसा मी तोट्या उलट्यापालट्या केल्या. जुन्या पद्धतीची तोटी पितळेची, वर क्रोमचा मुलामा. तिची झडप मागच्या बाजूला असते. त्यामुळे बंद केल्यावरही तोंडाच्या नळीत थोडं पेय राहतं, हवेनं वाळतं, चिकट होतं आणि दांडा अडकतो. चिलटं येतात ती वेगळीच. दुसऱ्या प्रकारात झडप पुढे, अगदी तोंडाशी. पेय झडपेच्या मागे बंद राहतं, तोटी चिकटत नाही. अशा तोट्या करणारी पर्लिक ही कंपनी खुद्द मिलवॉकीचीच. तिसऱ्या प्रकारात बाजूला एक छोटी दांडी असते, तिनं धार कमीजास्त करता येते. आणखी एक लांबट चोचीची तोटी होती, आत बारीक भोकांची चकती असलेली. ती नायट्रोजन मिसळलेल्या काळ्या बिअरसाठी, साय धरल्यासारखा दाट फेस यावा म्हणून.

पण सोड्याला कुठली? दुकानदार स्टेनलेस स्टीलचीच घ्या म्हणाला. सोड्याचं पाणी किंचित आंबट असतं, मुलामा उडालेल्या पितळेला ते खातं. मला एकदम आई आठवली. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आमटी कळकते, म्हणून कल्हईवाल्याची वाट बघत बसणारी. इतका प्रवास करून शेवटी आईच्याच नियमापाशी आलो. मग ठरलं, स्टीलची, पुढे झडप असलेली, साधी तोटी. बाजूच्या दांडीची घेतली असती तर आखूड नळीवर भागलं असतं. पण दाब अगदी तोटीपाशी अडवण्यापेक्षा वाटेत जिरवलेला बरा, असं आमचं दोघांचं मत पडलं. तीस फूट नळी घेतली. कोकम मात्र पिंपात घालायचं नाही, पेल्यातच घालायचं. नाहीतर साखर नळीत बसते आणि वास जन्मभर जात नाही.

पुतण्याला त्या पिंपांची गंमत मी तिथेच ऐकली. हे पिंप मुळात बिअरचं नव्हेच. शीतपेयांच्या कंपन्या त्यातून सरबताचा पाक हॉटेलांना पुरवायच्या. पुढे त्या खोक्यातल्या पिशव्या वापरू लागल्या आणि जुनी पिंपं स्वस्तात बिअर करणाऱ्यांच्या घरी आली. "म्हणजे दोड्डप्पा," पुतण्या म्हणाला, "आपण पिंपाला परत त्याच्या घरी पाठवतोय." कन्नडमध्ये मोठ्या काकांना दोड्डप्पा. हा पोरगा आईशी कन्नड, बापाशी मराठी, मित्रांशी इंग्रजी बोलतो आणि तिन्हींत माझी फिरकी घेतो.

संध्याकाळी नळी गुंडाळून बांधली, तोटी बसवली. पिंप दोन दिवस थंड होऊ दिलं, रोज थोडं हलवून गॅस मुरवला. मी तोटी पकडली. "पुरती उघड, दादा," धाकटा म्हणाला. उघडली. शांत, काचेसारखी धार. पेला भरल्यावर आत बुडबुडे वर चढायला लागले. कोकमाचा लाल रंग त्यात पसरला. पहिला घोट घेतला आणि लहानपणीच्या खडेबाजारातला गोटी सोडा नाकात गेला. अंगठ्यानं गोटी आत दाबली की होणारा तो आवाज तेवढा नव्हता. भावजयीनं चव घेतली, "छलो आगेद री!" झकास झालंय. समतोल या शब्दावर मग आमची थोडी चर्चा झाली. तो कन्नडमध्येही तोच आहे, मराठीतही तोच. भाषांतर करावं लागलं नाही.

उरलेल्या दोन आठवड्यांत मी पेले मोजले नाहीत. दर पंधरा दिवसांनी सगळ्या नळ्या धुवायच्या असतात, ते काम मी आणि पुतण्यानं केलं. निघायच्या दिवशी विमानतळावर सामान देऊन झाल्यावर धाकटा अचानक म्हणाला, "आण्णांना तू सांगितलं नसतंस तर मीच सांगणार होतो. धाडस झालं नसतं, ते वेगळं." एवढंच. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आम्हा भावांना मिठी मारायची सवय नाही.

आता कुणी म्हणेल, मास्तरांनी दारूचं कौतुक केलं. नाही केलं. काकांजवळ अशी वही असती तर ते वाचले असते, असंही मी म्हणणार नाही. ज्याला रेघ ओढूनही थांबता येत नाही, तो आजारी असतो. त्याला वहीनं भागत नाही, डॉक्टर लागतो. हे आमच्या घराला तेव्हा ठाऊक नव्हतं. शपथ घेणारा मी आजही शपथेतच आहे आणि मला त्याचं दुःख नाही. पण दाब नुसता उतरवून फेस थांबत नाही, हे मात्र तळघरात डोळ्यांनी पाहिलं. आण्णांचा अबोला तीन वर्षं चालला. त्या तीन वर्षांतला दाट रेघांचा महिना मला विसरता येत नाही.

आमच्या गल्लीत नळाला पाणी यायच्या आधी तोटी फुसफुसते. तो आवाज आला की आई घागर घेऊन उठते. आता दर रविवारी रात्री धाकट्याचा फोन येतो, तेव्हा तो पडद्यासमोर तिसरी तोटी उघडून दाखवतो. आई कौतुकानं बघते. पहिल्या वेळी म्हणाली, "आवाज येत नाही की रे हिचा."

परवाच्या रविवारी तिनं विचारलं, "वही लिहितोस ना?"

तो म्हणाला, "लिहितो, आई."

"लिही हं," आई म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.